न मोजलेली यंत्रं

९ जानेवारी

प्रिय आत्या,

एका गेम-यंत्रानं किती वर्षं चालावं? तू मागच्या पत्रात हे असं विचारलंस, जणू मी त्याच विषयात पदवी घेतली आहे. घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याच्या गोळीपासून सरकारी फॉर्मपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात आणि मीही काहीतरी ठोकून देते. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. चार वर्षं हेच काम करते आहे, तरी येत नाही.

जेवढं कळलंय तेवढं लिहिते. फोनवर सांगितलं तर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि तुला एक अक्षर ऐकू आलेलं नसतं, म्हणून पत्रच बरं.

पूर्वी म्हणे दर पाचेक वर्षांनी नवं यंत्र बाजारात यायचं. मग आमच्यासारख्या गेम बनवणाऱ्या कंपन्या कुरकुरत सगळं पहिल्यापासून शिकायच्या आणि जुनं गुंडाळून ठेवायच्या. आताचं जुनं यंत्र मात्र नऊ वर्षं झाली तरी घराघरात ठाण मांडून बसलंय. नवं येऊन तीन वर्षं झाली, तरी हे उठायला तयार नाही. त्यात चांगलं असं की इतक्या वर्षांत आम्हाला त्याची खोड न् खोड पाठ झाली. जे त्याच्याकडून होणारच नाही असं वाटायचं, तेही आता करून घेता येतं. वाईट असं की दरम्यान गेम अवाढव्य झाले. एक गेम करायला सहा वर्षं लागतात, आणि तो नव्या यंत्रावरही चालला पाहिजे आणि जुन्यावरही. ज्यांनी तो सुरू केला ती माणसं तो पुरा व्हायच्या आत कंटाळून निघून जातात. मी आले तेव्हा जुन्या यंत्राच्या गटात सात जण होतो. आता दोघंच उरलोय. मी आणि मोजेवाला. तो ऑफिसात आल्या आल्या बूट काढतो आणि दिवसभर मोज्यांवर फिरतो.

माझं काम काय, असं शेजारी विचारतात म्हणालीस. त्यांना सांग, माणसं काढायचं.

खरंच. आमच्या गेममध्ये एक बंदराचं शहर आहे. त्यातल्या बाजाराच्या रस्त्यावर नव्या यंत्रात चौसष्ट माणसं हिंडतात. जुन्या यंत्राला अकराच्या वर माणसं झाली की धाप लागते, चित्र अडखळायला लागतं. मग कोणती अकरा ठेवायची आणि कोणती घालवायची हे मी ठरवते. काल एका म्हाताऱ्याला घालवलं. तो बाकावर बसून चष्मा पुसायचा. त्याची मान कशी हलावी यासाठी कुणीतरी दोन महिने खपलं होतं. ते माणूसही आता इथे नाही. मी बटण दाबलं आणि बाक रिकामा झाला. आमच्या खोलीत पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे आहेत. फोन दाराशी पेटीत ठेवावे लागतात. त्या अंधारात दिवसभर एक शहर ओस पाडायचं आणि मग खोलीवर जायचं.

बाबा रस्त्यानं जाताना बोट दाखवून सांगतात, ही भिंत माझी, तो जिना माझा. गवंड्याचं बरं असतं. चार वर्षांत मला बोट दाखवायला काहीच नाही. कधीकधी वाटतं, सगळं सोडून तुझ्या दुकानात येऊन बसावं.

असो. आता महत्त्वाचं. आमच्या कंपनीच्या प्रमुखांना सगळे कप्तान म्हणतात. कप्तानांना जुन्या यंत्राचा गेम बंद करायचा आहे. त्यांच्याकडे एक तक्ता आहे: किती लोक अजून जुनं यंत्र वापरतात. आकडा दर महिन्याला घटतो. पण तो तक्ता फक्त इंटरनेटला जोडलेली यंत्रं मोजतो. दर बैठकीत मी उठते आणि तुझं दुकान पुढे करते. म्हणते, ‘‘माझ्या आत्याचं गेम खेळायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या एकाही यंत्राला इंटरनेट नाही. तुमच्या तक्त्यात तिचं गावच नाही.’’ कप्तान हसतात. आता तर मी उठायच्या आतच म्हणतात, ‘‘आला, आत्याबाईंचा पक्ष आला!’’ पण ऐकून घेतात.

शेवटची बैठक फेब्रुवारीच्या मध्यात आहे. मला नीट लिही: दुकानात जुनी किती, नवी किती, गावात काय स्थिती आहे. खरं तेच लिही. मी फुगवून सांगणार नाही, त्यामुळे तूही फुगवू नकोस.

तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिली गोष्ट, मला ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.

दुसरी गोष्ट, दुकानात येऊन बसायची भाषा पुन्हा काढलीस तर सोल्डरिंग गन तापवून तयार ठेवीन. इतकी पुस्तकं वाचून पंख्यातली धूळ पुसायची आहे का तुला? त्याला मी पुरेशी आहे.

तुझ्या त्या म्हाताऱ्याचं वाचून वाईट वाटलं. काढायचंच होतं तर एखादं तरुण माणूस काढायचं, त्यांना कुठेही जागा मिळते.

आता तुझा प्रश्न. अगं, तू कोणत्या जमान्यात आहेस? जुनी यंत्रं मी कधीच भंगारात दिली. चार नवी घेतली आहेत. गावातही आता घरोघर नवंच. न्हाव्याच्या दुकानात नवं, नर्सबायांच्या होस्टेलवर नवं. दुरुस्तीला जुनं यंत्र महिन्याकाठी एखादं आलं तर आलं. मीच लोकांना सांगते, टाकून द्या आता, किती दिवस कवटाळून बसणार. दुकान झकास चाललंय. संध्याकाळी बसायला जागा नसते.

तेव्हा माझ्या दुकानाचं ओझं तू वाहू नकोस. तुझ्या कप्तानांना जे करायचं ते करू दे. तू नव्याच्या मागे जा. मागे वळून बघणाऱ्याची मान दुखते, बाकी काही होत नाही.

दादा बरा आहे. तुझं पदवीचं चित्र त्यानं आता समोरच्या भिंतीवर हलवलंय, दारातून आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवलं. विचारतो, गेम कधी येणार? मी म्हटलं, येईल.

जेवत जा. तुझ्या पत्रात सगळं असतं, जेवणाचं कधी नसतं.

आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बैठक झाली. जसं झालं तसं सांगते.

लांब टेबल, अठरा माणसं, समोर तक्ता. कप्तानांनी आकडे वाचले, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ‘‘बोला. आत्याबाईंचा पक्ष आज काय म्हणतो?’’

सगळे हसले. मी उठले. आदल्या दिवशी मी तुझं पत्र पाच वेळा वाचलं होतं. मला गप्प बसता आलं असतं, खरंच आलं असतं. कुणी तुझ्या गावाला जाऊन बघणार नव्हतं. पण दोन वर्षं मी त्या लोकांना सांगत आले की तुमचा आकडा अर्धवट आहे, खरं काय ते मला माहीत आहे. मग खरं बदललं तर तेही मीच सांगायला हवं ना?

मी म्हणाले, ‘‘माझ्या आत्याच्या गावात आता नवी यंत्रं आली आहेत. मी इतके दिवस जे सांगत होते ते आता खरं नाही.’’

कुणीही हसलं नाही. कप्तानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, ‘‘इथे असं कुणी सांगत नाही.’’ मग पेन उचलून समोरच्या कागदावर एक रेघ मारली आणि पुढचा विषय घेतला. जुन्या यंत्राचा गेम बंद झाला. चार महिन्यांचं काम राहिलं होतं, आत्या. फक्त चार.

कप्तान तसेही तेच करणार होते, असं मी स्वतःला सांगते. पण बैठकीआधी ते दाराशी मोजेवाल्याला म्हणाले होते, ‘‘ती आज पुन्हा अडून बसली तर जुन्या यंत्राला आणखी एक मोसम देऊ.’’ हे मला त्यानं नंतर सांगितलं. जिन्यात, पायात बूट घालून. आणि म्हणाला, ‘‘खोटं बोलता येत नसेल तर निदान गप्प बसायला शीक.’’

मी चूक केली असं मला वाटत नाही. पण बरोबर केल्यावर जे बरं वाटायला हवं तेही वाटत नाही. आज दुपारी आम्ही दोघांनी चार जुनी यंत्रं खोक्यांत भरली. खोक्यांवर काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी काहीच लिहिलं नाही.

तुझं दुकान छान चाललंय हे एकच त्यातलं गोड. नव्या यंत्रांचा एक फोटो पाठव ना. बाबांना सांग, गेम ऑक्टोबरमध्ये नक्की येतोय. नव्या यंत्रावर येतोय.

तुझी,
भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. सध्या कामाची घाई आहे. फोटो नंतर पाठवते, चांगला येत नाहीये. त्या मोजेवाल्याचं मनावर घेऊ नकोस.

थंडी गेली का तिकडची? अंगावर घेऊन बसत जा.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. इतकं लहान पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. माझ्या परीक्षेच्या वेळीसुद्धा दोन पानं असायची, त्यातलं दीड पान शेजाऱ्यांबद्दल.

मी आता नव्या यंत्राच्या गटात आहे. चाळीस माणसं, सगळी कानाला हेडफोन लावून. मला काम काय मिळालं ते ऐक: माणसं भरायची. बाजाराच्या रस्त्यावर आता चौसष्ट पुरत नाहीत, नव्वद हवीत. चष्मा पुसणारा म्हातारा परत आला. मी स्वतः त्याला बाकावर बसवलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण नव्वदांत तो कुठे आहे हे मलाच शोधावं लागतं.

मोजेवाला गेला. दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या देशात. जाताना टेबलाच्या खणात एक जुना कंट्रोलर ठेवून गेला, चिठ्ठी वगैरे काही नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी होती. खोलीत मी होते, समोरची भिंत होती आणि खालच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज. तोही दुसऱ्या दिवशी थांबला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाला तरी ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. दोन दिवसांत मी एक शब्दही उच्चारला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं.

कप्तानांनी बोलावलं होतं. मे महिन्यात पुढच्या गेमचा गट बसतोय. ‘‘तुझ्यासाठी जागा ठेवली आहे,’’ म्हणाले. ‘‘सरळ माणसं मला लागतात.’’ हा गेमही सहा वर्षांचा. तो येईल तेव्हा मी बत्तीस वर्षांची असेन. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आत्या, एक विचारू? फोटो का पाठवत नाहीस? तब्येत बरी आहे ना? तुझी ती नवी यंत्रं इतकी गार आणि गप्प असतात की चालू आहेत का बंद, हे हात लावल्याशिवाय कळत नाही, नाही का? मला तर जुन्याचा घरघराट आठवतो.

काही लपवत असशील तर लपवू नकोस. मी आता लहान नाही.

तुझी,
भिंगरी


२४ एप्रिल

चि. भिंगरी,

तीन वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि तीन वेळा फाडलं. आता सरळच लिहिते.

नवी यंत्रं गार असतात की गरम, मला माहीत नाही. दुकानात नवं यंत्र एकही नाही. कधीच नव्हतं. नऊ जुनी आहेत, त्यांतली सहा चालतात. ती सहा चालावीत म्हणून तीन मेली. त्यांचे अवयव काढून यांना लावलेत. गावात नवी यंत्रं माझ्या माहितीप्रमाणे दोन. त्यातलं एक दंतवैद्याचं. ते बिघडलं तेव्हा माझ्याकडे आलं होतं. उघडलं, तर आतले भाग असे एकमेकांशी बांधलेले की एक बदलला तर दुसरा त्याला ओळखच दाखवत नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं यंत्र जसंच्या तसं परत केलं. दंतवैद्य म्हणाला, असू द्या हो. मला रडू आलं, ते तो गेल्यावर.

बाकी गाव जुन्यावरच आहे. न्हावी जुन्यावर, कागदाच्या गिरणीतली माणसं जुन्यावर. नर्सबाया ड्युटी संपली की येतात आणि फुटबॉलचा सामना लावतात. दोन वर्षांत त्या यंत्रासाठी एक नवा गेम आला नाही, म्हणून तोच सामना आठशेव्यांदा खेळतात आणि अजून भांडतात. थोरली धाकटीला म्हणते, ‘‘तुझ्या इंजेक्शनसारखाच तुझा नेम!’’ ते मला नीट ऐकू येतं बरं का. पण गेल्या वर्षापासून माणसं कमी होत चालली आहेत. सारखं तेच तेच किती दिवस खेळतील? कधीकधी संध्याकाळी मी एकटीच सहाही यंत्रं चालू करून बसते. पंख्यावर हात ठेवला की कळतं कुणाची तब्येत कशी आहे.

आता खोटं का लिहिलं ते सांगते. तुझ्या पत्रात होतं, सगळं सोडून तुझ्या दुकानात येऊन बसावं. ते वाचलं आणि त्याच रात्री मी ते खोटं पत्र लिहायला बसले. दादानं उन्हातान्हात लोकांच्या भिंती बांधून तुला शिकवलं आणि तू परत येऊन माझ्या काउंटरमागे बसणार? दुकान रडतखडत चाललंय असं लिहिलं असतं तर तू आलीच असतीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मला वाटलं, इकडचं दार बंद दिसलं की तू पुढे चालत राहशील.

तू बैठकीत माझं दुकान पुढे करतेस हे वाचलं होतं. पण ते मला लाडाचं बोलणं वाटलं. एवढ्या मोठ्या कंपन्या कुठल्या तरी बाईच्या दुकानावरून काही ठरवतात होय? मला काय माहीत तू माझं पत्र घेऊन उभी राहशील आणि साक्ष दिल्यासारखं बोलशील! इतकं खरं कोण वागतं गं? कुणी शिकवलं तुला?

परवा दादा आला होता. हातपाय धुवून, कपडे बदलून. सहा यंत्रांकडे बघून म्हणाला, ‘‘तिचा गेम यातल्या कुठल्या पेटीत दिसणार?’’ मी बोट दाखवलं, ही. त्यानं त्या पेटीवरची धूळ रुमालानं पुसली. म्हणजे मी तुझ्याशीच नाही, त्याच्याशीही खोटं बोलले. तुझा गेम या गावात कुणालाच दिसणार नाही, भिंगरी. ते माझ्यामुळे.

सोबत दुरुस्तीची वही पाठवते आहे. आठ वर्षांची आहे. कोणाचं यंत्र, काय झालं होतं, काय केलं, सगळं त्यात आहे. एकही नोंद खोटी नाही. वहीत मी खोटं लिहीत नाही, फक्त पत्रात लिहिलं. आता उशीर झालाय हे कळतं. पण तू ज्यांना चुकीचं सांगितलंस त्यांना खरं दाखवता यावं, म्हणून पाठवते. काम झालं की परत पाठव, मला लागते.

तू पुढच्या गटातली जागा घेतलीस हे उत्तम केलंस. ती सोडू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.

रागावली असशील. रागाव.

आत्या


१५ मे

प्रिय आत्या,

रागावले. दोन दिवस. वही आल्यावर तिचं पुडकंसुद्धा सोडलं नाही. तू माझं भलं बघायला खोटं लिहिलंस आणि मी खरेपणाच्या हट्टानं ते खरं म्हणून सांगून आले. आपण दोघींनी मिळून जे केलं ते कप्तानांना एकट्यांना जमलं नसतं.

तिसऱ्या दिवशी वही उघडली आणि पहाटेच्या उजेडात पहिल्या पानापासून वाचत सुटले, ऑफिसला उशीर झाला. ‘पडलं म्हणतात. फेकलं आहे.’ ‘पंख्यात झुरळाचं कुटुंब. सहकुटुंब बाहेर काढलं.’ ‘नवरा-बायकोचं भांडण, कंट्रोलर तुटला. दोघांना वेगवेगळे दिले. पुन्हा येणार.’ आणि चार महिन्यांनी खाली: ‘आले.’ आत्या, चारशे बारा यंत्रं आहेत या वहीत. काहींच्या नोंदी पाच-पाच वेळा आहेत, तरी लोक ती घेऊन येत राहिले. गेल्या वर्षभरात तू एकशे सहा जुनी यंत्रं उभी केलीस. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी दोन वर्षं तुझ्या दुकानाबद्दल भाषणं ठोकत होते आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

वही घेऊन कप्तानांकडे गेले. म्हणाले, ‘‘फेब्रुवारीत मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या आत्यानं मला खोटं लिहिलं होतं. हे खरं आहे.’’

त्यांनी वही हातात घेतली. ‘‘हे काय? दवाखान्याचं रजिस्टर आहे का?’’

‘‘तसंच समजा.’’

ते उभ्या-उभ्या चाळत होते, मग बसले. झुरळाच्या कुटुंबाशी आल्यावर मोठ्यानं हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग शेवटची पानं बघितली, तारखा बघितल्या. म्हणाले, ‘‘वही खरी आहे. पण एका गावाची आहे.’’

मी म्हणाले, ‘‘तुमच्या तक्त्यात तर ते एक गावही नाही.’’

त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, ‘‘मी माणसं देऊ शकत नाही. एकही नाही. डिस्क छापायला ऑक्टोबरच्या आधी द्यावी लागते. गेम तोवर पुरा झाला, तर जुन्याचीही छापतो. नाही झाला तर नाही.’’

मी सांगितलं की गेम पूर्ण डिस्कवरच असायला हवा. इंटरनेटवरून नंतर काही उतरवून घ्यायला लागलं तर आत्याच्या गावात तो चालणारच नाही. ते म्हणाले, ‘‘मग आणखी अवघड. ते तुझं तू बघ. आणि एक लक्षात घे, नवा गट ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही. तुझ्या जागी दुसरं कुणी येईल.’’

‘‘हे काम संपल्यावर मग मी कुठल्या गटात?’’

ते वाईट माणूस नाहीत, आत्या. खोटं आश्वासन सहज देता आलं असतं त्यांना. म्हणाले, ‘‘तोवर जुन्या यंत्रासाठी कुणी काही बनवत नसेल. जे तुला येतं ते कुणाला लागणार नाही. कदाचित मी तुला ठेवू शकणार नाही.’’

मी आठवडाभर विचार करण्याची मुभा मागितली आणि घेतली नाही. दुसऱ्या दिवशीच जाऊन सांगितलं, जुन्या यंत्राचं काम मी एकटी पुरं करते. कारण विचार करायला बसले असते तर तुझं वाक्य आठवलं असतं, ‘ती सोडू नकोस.’ आणि तुझं मी नेहमी ऐकत आले आहे.

तू हिवाळ्यात पत्रातून विचारलं होतंस की यंत्रानं किती वर्षं चालावं. अजूनही सांगता येत नाही. पण आमच्याकडे ते ठरवताना कुणाला विचारलं जात नाही एवढं आता मला दिसलं. नवं आलं की जुन्याकडे बघायचं थांबतात आणि म्हणतात, लोकांनी वापरणं थांबवलं. तुझ्या वहीतल्या माणसांनी तर थांबवलेलं नाही. बाबांनीही नाही, त्यांनी तर अजून सुरूच केलेलं नाही.

वही परत पाठवते आहे, सांभाळून. तिच्यातली काही पानं मी उतरवून घेतली आहेत. कुठल्या यंत्राचा पंखा किती तापल्यावर बंद पडतो, हे आमच्या पुस्तकांत नाही, तुझ्या वहीत आहे. रस्त्यावर अकराऐवजी तेरा माणसं मावतील असं वाटतंय. आणखी काही विचारायचं असलं की लिहीन, आणि तू खरं उत्तर देशील. एवढं मला हवंच आहे. माझ्यासाठी पुन्हा कधी खोटं लिहू नकोस. मला ते पेलत नाही, आणि मी ते जाऊन लोकांना सांगते.

इथे मी आता एका कोपऱ्यात एकटी आहे. नव्या यंत्राचा गट वरच्या मजल्यावर गेला, या खोलीत चाळीस रिकाम्या खुर्च्या आहेत. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र इतकं लांबलं. घाबरू नकोस, मी जेवते.

तू हे वाचून लगेच मला अडवायला कागद घेऊन बसशील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नव्या गटातली जागा सोडल्याच्या कागदावर मंगळवारी सही केली, खोकी उघडून जुनी यंत्रं टेबलावर मांडली, आणि मगच तुला लिहायला घेतलं.

तुझी,
भिंगरी